जेथे वाट नाही तेथील शरद

शरद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे निरभ्र आकाश, कोजागरीचे चांदणे आणि कापणीला आलेली शेते उभी राहतात. आपला शरद हा पावसाने दिलेल्या सुटकेचा ऋतू आहे. पृथ्वीच्या उत्तर भागात मात्र हाच ऋतू वेगळ्या अर्थाने येतो. तेथे तो पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या हिमकाळाची सूचना घेऊन येतो, आणि त्या सूचनेने माशापासून अस्वलापर्यंत प्रत्येक प्राणी कामाला लागतो. त्याच दिवसांत काही माणसे मुद्दाम विमानाने दूरच्या अरण्यात जातात, एखाद्या सरोवराकाठच्या लाकडी कुटीत आठवडाभर राहतात, मासे धरतात आणि परत येतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, विशेषतः त्याच्या वायव्य भागात, ही रीत अनेक दशके चालत आली आहे. वरवर पाहता हा हौशी लोकांचा खेळ आहे. परंतु तो समजून घेताना पाण्याचे शास्त्र, प्राण्यांचे ऋतुचक्र आणि ‘निर्जन’ या शब्दाचा खरा अर्थ असे तीन विषय आपल्यापुढे येतात. त्यांचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

खडक, पाणी आणि विमान

ओंटारिओ प्रांत क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सुमारे साडेतीनपट आहे; पण त्याची बहुतेक वस्ती दक्षिणेच्या पट्ट्यात एकवटलेली आहे. उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश ‘कॅनेडियन शील्ड’ या अतिप्राचीन खडकाचा बनलेला आहे. हिमयुगात या खडकावर प्रचंड जाडीचे बर्फ होते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी ते मागे सरले, तेव्हा त्याने खरवडलेल्या खळग्यांत पाणी साचले आणि सरोवरे झाली. आज या प्रांतातील सरोवरांची संख्या अडीच लाखांहून अधिक मानली जाते. खडकावर मातीचा थर पातळ. त्यावर स्प्रूस, पाइन, बर्च आणि पॉपलर यांचे अरण्य. अशा मुलखात रस्ता बांधणे म्हणजे दर काही मैलांवर एक सरोवर किंवा दलदल ओलांडणे. त्यामुळे आजही असंख्य सरोवरांपर्यंत रस्ता गेलेला नाही.

रस्ता नाही, पण उतरायला पाणी आहे; ही गोष्ट वैमानिकांनी फार लवकर ओळखली. 1924 साली ओंटारिओ सरकारने वणव्यांवर नजर ठेवण्यासाठी स्वतःची विमानसेवा सुरू केली. 1926 साली रेड लेक परिसरात सोन्याच्या शोधात माणसांची रीघ लागली, तेव्हा माणसे आणि सामान नेण्यासाठी विमानांचा उपयोग होऊ लागला. या विमानांना चाकांऐवजी ‘फ्लोट’ म्हणजे होडीच्या आकाराचे दोन पोकळ तरंगते पाय असतात. हिवाळ्यात तेच काढून बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या बसवतात. 1947 साली कॅनडातच बनलेल्या ‘बीव्हर’ या विमानाने पहिले उड्डाण केले. आखूड पाण्यावरून उठणारे, मजबूत, एका इंजिनाचे हे विमान 1967 पर्यंत सोळाशेहून अधिक संख्येने तयार झाले. त्याचे उत्पादन थांबून अर्धशतक लोटले, तरी दुरुस्त करून राखलेली अनेक बीव्हर विमाने आजही उत्तरेच्या सरोवरांवर ये-जा करतात. जे वाहन गरजेतून जन्माला येते, ते सहजी कालबाह्य होत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या विमानांना नवे गिऱ्हाईक मिळाले, ते म्हणजे शहरातून येणारा हौशी मासेमार. दूरच्या सरोवराकाठी एखादी कुटी बांधायची, तेथे दोन-तीन होड्या ठेवायच्या, आणि पाहुण्यांना विमानाने नेऊन आठवड्याने परत आणायचे, असा व्यवसाय उभा राहिला.

कुटीत ऐषआराम नसतो. लाकडाची शेगडी, गॅसवर चालणारे दिवे आणि शीतपेटी, फळ्यांचे पलंग, थोड्या अंतरावर शौचकूप, आणि काठाला बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या होड्या. विमानाला वजनाची मर्यादा असल्यामुळे माणशी सामान मोजून घेतात. आणि एक अलिखित नियम जुना वैमानिक नव्या पाहुण्याला हमखास सांगतो: मुक्कामापेक्षा दोन-तीन दिवसांचे अन्न जास्त घ्या. कारण परतीचा दिवस पंचांगावर नव्हे, हवेवर ठरतो.

शरदात तर हे विशेष खरे. धुके उतरले, ढग खाली आले, वारा वाढून लाटा उसळल्या, तर विमान येत नाही. पाणी अगदी आरशासारखे शांत असले तरी धोका असतोच. कारण वैमानिकाला पृष्ठभाग नेमका किती खाली आहे हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. ऋतूच्या अखेरीस उडालेले तुषार फ्लोटवरच गोठू लागतात. पुढे एक काळ असा येतो की सरोवर धड पाणी नसते आणि धड बर्फही नसते. तेव्हा फ्लोटही उपयोगाचे नाहीत आणि पट्ट्याही नाहीत. त्याच्या आधीच कुट्या बंद करून, होड्या पालथ्या घालून सर्वांना बाहेर पडावे लागते.

सरोवर उलथते तेव्हा

आता प्रश्न असा की, हवा बिघडण्याची एवढी भीती असताना लोक शरदातच का जातात? डासांचा आणि चावऱ्या माश्यांचा त्रास संपलेला असतो, हे एक साधे कारण. पण खरे कारण पाण्याच्या पोटात आहे.

पाण्याचा एक विलक्षण गुणधर्म आपण शाळेत शिकतो. बहुतेक पदार्थ थंड होताना सतत जड होत जातात. पाणी मात्र सुमारे 4 अंश सेल्सिअस तापमानाला सर्वांत जड असते, आणि त्याखाली पुन्हा हलके होऊ लागते. उन्हाळ्यात खोल सरोवराचे जणू दोन मजले होतात. वर उबदार, हलके पाणी. खाली थंड, जड पाणी. आणि दोहोंमध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पातळ थर. हे दोन मजले एकमेकांत मिसळत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री थंड होऊ लागल्या की वरचे पाणी गार होऊन जड होते व खाली जाऊ लागते. होता होता सारे सरोवर जवळजवळ एकाच तापमानाचे होते. मग वाऱ्याचा जोर पुरतो आणि तळाचे पाणी वर, वरचे खाली असे संपूर्ण सरोवर ढवळले जाते. यालाच तेथील लोक सरोवर ‘उलटले’ असे म्हणतात.

हे उलटणे म्हणजे सरोवराचा श्वास होय. उन्हाळाभर कोंडलेल्या तळाला प्राणवायू मिळतो आणि तळाशी साचलेली पोषकद्रव्ये वर येतात. पुढे वरचे पाणी 4 अंशांच्याही खाली गेले की ते हलके होऊन वरच राहते आणि गोठते. बर्फाच्या झाकणाखाली तळाचे पाणी 4 अंशांच्या आसपास टिकते, आणि त्यातच मासे हिवाळा काढतात. पाणी इतर द्रवांसारखे वागले असते, तर सरोवर तळापासून गोठले असते आणि उत्तरेकडे मासा उरलाच नसता.

गळ, मासा आणि गणित

या सरोवरांत गळाला लागणारे तीन मासे मुख्य: वॉलआय, पाइक आणि लेक ट्राउट.

वॉलआयच्या डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. म्हणूनच उजेड पडताच त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात. अंधुक प्रकाशात त्याला इतर माशांपेक्षा चांगले दिसते. म्हणून सांज आणि ढगाळ हवा ही त्याच्या शिकारीची वेळ. पाइक हा लांबट, चोचीसारख्या तोंडाचा, तीक्ष्ण दातांचा मासा. तो पाणवनस्पतींत निश्चल दबा धरतो आणि एका झेपेत भक्ष्य पकडतो. हे दोन्ही मासे वसंतात, बर्फ फुटण्याच्या सुमारास अंडी घालतात. पण त्यांची गाबोळी भरू लागते ती शरदापासूनच. पुढचा हिवाळा आणि पुढची पिढी या दोहोंची शिदोरी त्यांना आताच बांधावयाची असते. म्हणून ते भरपूर खातात, आणि म्हणून गळालाही लागतात.

लेक ट्राउटची गोष्ट निराळी. त्याचे शास्त्रीय नाव ‘सॅल्व्हेलिनस नामेकुश’. त्यातील दुसरा शब्द तेथील आदिवासींच्या भाषेतून आलेला आहे. हा थंड पाण्याचा मासा. उन्हाळाभर तो सरोवराच्या खालच्या मजल्यावर राहतो. शरदात पाणी गार झाले की वर येतो आणि काठाजवळच्या, वाऱ्याने धुतलेल्या खडकाळ उथळांवर रात्रीच्या वेळी अंडी घालतो. तो घरटे करीत नाही. अंडी दगडांच्या फटींत पडतात, हिवाळाभर बर्फाखाली राहतात आणि वसंताच्या सुमारास फुटतात.

म्हणजे हा मोठा मासा वर्षभरात माणसाच्या सर्वांत सहज हाताशी येतो, तो नेमका विणीच्या वेळी. येथेच नियम आडवा येतो. विभागागणिक तारखा वेगळ्या असल्या, तरी वायव्य ओंटारिओत पुष्कळ ठिकाणी सप्टेंबरअखेर लेक ट्राउट धरणे बंद होते. आपल्या कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात होड्या न लोटण्याची जी रीत आहे, तिच्यात वादळाच्या भीतीबरोबर माशांच्या विणीचा हिशेबही आपोआप सांभाळला जातो. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच: विणीच्या वेळी हात आवरावा.

हात का आवरावा, हे समजायला थोडे गणित लागते. प्राचीन खडकावरील हे पाणी स्वच्छ असते; पण स्वच्छ याचा अर्थ पोषकद्रव्यांनी गरीब असाही होतो. वाढीचा काळ जेमतेम चार-पाच महिने. अशा पाण्यात मासा फार सावकाश वाढतो. उत्तरेकडील लेक ट्राउट पहिल्यांदा अंडी घालण्याइतका मोठा व्हायला सहा-सात वर्षे आणि कित्येकदा त्याहूनही अधिक काळ घेतो; वीस वर्षांचे मासे तेथे दुर्मीळ नाहीत. कुटीच्या भिंतीवर टांगण्यासाठी कोणी एक भला मोठा मासा नेला, तर ती जागा भरायला पुन्हा तेवढीच वर्षे जावी लागतात. कॉलेजात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वयाचा मासा एका संध्याकाळच्या हौसेत संपतो, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

म्हणूनच तेथे माणशी मर्यादा असते. ओंटारिओच्या बहुतेक भागांत नेहमीच्या परवान्यावर चार वॉलआय ठेवता येतात आणि ‘संवर्धन’ परवान्यावर दोन. वायव्येकडील मोठ्या भागात त्यांतला एकच 46 सेंटिमीटरहून मोठा असू शकतो. कारण मोठी मादी अधिक अंडी घालते. बरेच कुटीवाले यापुढेही जाऊन पाहुण्यांना सांगतात: खाण्यापुरते मध्यम आकाराचे मासे ठेवा, मोठे सोडून द्या. दुपारी काठावरच्या खडकावर चूल मांडून ताजा मासा आणि बटाटे तळून खाणे हा या सहलीचा ठरलेला सोहळा आहे, आणि त्यासाठी मध्यम मासाच उत्तम.

मासा सोडून देणे हीही एक विद्या आहे. हात ओले करून धरावा, नाहीतर त्वचेवरचे संरक्षक बुळबुळीत आवरण निघून जाते. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. शक्य तो पाण्यातच गळ काढावा. गळाचा उलटा काटा चेपून टाकला तर ते सोपे जाते. खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या वॉलआयच्या पोटातील वायूची पिशवी फुगते आणि सोडून दिला तरी तो बहुधा जगत नाही. म्हणून फार खोलवर गळ टाकून ‘सोडून देण्यासाठी’ मासे धरणे ही स्वतःची फसवणूक ठरते.

काठावरची लगबग

पाण्यात ही तयारी चालू असता काठावरही कोणी स्वस्थ नसते. बर्च आणि पॉपलर पिवळे होतात. टॅमरॅक नावाचा सूचिपर्णी वृक्ष तर सोनेरी होऊन आपल्या साऱ्या सुया गाळून टाकतो. बीव्हर हा प्राणी रात्रभर झाडे कुरतडतो आणि फांद्या आपल्या घराशेजारी पाण्यात बुडवून ठेवतो. सरोवर गोठल्यावर बर्फाखालून पोहत जाऊन तो याच कोठारातून खातो.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात मूस या अजस्र हरणाचा माजाचा काळ सुरू होतो. नराचे वजन पाचशे किलोच्या घरात जाते. त्याची रुंद शिंगे वसंतापासून वाढत असतात. आता त्यांवरची मखमली त्वचा सुकून गळून पडलेली असते. या काळात नर जवळजवळ अन्न सोडतो. पहाटे धुक्यातून मादीची लांबलचक साद ऐकू येते. बर्चच्या सालीचा कर्णा करून तशीच साद घालण्याची कला तेथील आदिवासी शिकाऱ्यांना पूर्वीपासून अवगत आहे.

काळे अस्वल याच्या अगदी उलट. त्याला दिवसरात्र खाण्याचा एकच ध्यास लागतो. मादीच्या पोटातील गर्भ उन्हाळ्यातल्या मीलनानंतर महिनोन् महिने जवळजवळ न वाढता थांबून राहतो. शरदात तिच्या अंगावर पुरेशी चरबी चढली, तरच तो रुजतो आणि ऐन हिवाळ्यात गुहेत पिल्ले जन्मतात. ज्या वर्षी रानबोरे कमी पिकतात, त्या वर्षी अस्वले कुट्यांच्या आसपास फिरू लागतात. यासाठीच माशांची आतडी कुटीजवळ टाकू नयेत, अन्न उघड्यावर ठेवू नये, असे बजावलेले असते. माणसाच्या उष्ट्याची सवय लागलेले अस्वल शेवटी बहुधा बंदुकीलाच बळी पडते. निष्काळजीपणा पाहुण्याचा आणि शिक्षा अस्वलाला, असा तो प्रकार आहे.

आणि लून. काळ्यापांढऱ्या रंगाच्या या पाणपक्ष्याचा दीर्घ, हुरहुर लावणारा आवाज ज्याने ऐकला, त्याला तो विसरता येत नाही. 1987 साली कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर त्याचे चित्र आले आणि नाण्यालाच लोक ‘लूनी’ म्हणू लागले. लूनची हाडे इतर पक्ष्यांच्या मानाने भरीव असतात. बुडी मारायला ती सोयीची. पण उडायचे म्हणजे पाण्यावरून लांबवर, कधी शेकडो मीटर धावत जावे लागते, अगदी फ्लोटवरच्या विमानासारखेच. शरदात आईबाप आधी निघून जातात. पिल्ले मागे राहून आणखी काही आठवडे खातात, बळ गोळा करतात आणि कोणी वाट न दाखवता समुद्राकडे उडून जातात. एखाद्याला उशीर झालाच, तर बर्फ चहूबाजूंनी आत सरकते, धावायला पाणी उरत नाही आणि ते पिल्लू अडकून पडते.

‘निर्जन’ म्हणजे काय?

येथवरच्या वर्णनावरून हा मुलूख माणसाविना आहे, असे कोणालाही वाटेल. जाहिरातींतही तसेच सांगितले जाते. पण ते खरे नाही. ओजिब्वे म्हणजेच अनिशिनाबे लोक आणि त्यांचे उत्तरेचे शेजारी क्री यांचे हे पिढ्यान्पिढ्यांचे घर आहे. ज्या सरोवरावर पाहुणा आठवडाभर ‘एकांत’ अनुभवतो, त्याच्या काठी कोणाच्या तरी पूर्वजांची वाट, सापळ्यांची रांग किंवा मासे सुकवण्याची जागा असतेच. या पाहुण्यांना मासा कोठे मिळेल हे दाखवणारे वाटाडेही पुष्कळदा याच समाजातले.

या लोकांची एक कहाणी सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. 1962 ते 1970 या काळात ड्रायडन या गावच्या कागदगिरणीशी जोडलेल्या रासायनिक कारखान्यातून सुमारे नऊ टन पारा वाबिगून नदीत सोडला गेला. नदीच्या तळाशी जीवाणूंनी त्याचे अतिविषारी संयुग बनवले. ते किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत गेले आणि प्रत्येक पायरीवर वाढत गेले. वॉलआय आणि पाइक हे या साखळीच्या शेवटी बसलेले मासे. त्यामुळे सर्वाधिक विष त्यांच्यातच साठले. 1970 साली तेथील व्यापारी मासेमारी बंद झाली आणि त्याबरोबर पाहुण्यांवर चालणारा रोजगारही कोसळला. प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या ग्रासी नॅरोज या वस्तीतील लोकांचे अन्न आणि कमाई एकाच वेळी नाहीशी झाली. पाहुणा वर्षाकाठी आठवडाभर तो मासा खाई; वाटाड्या आणि त्याचे कुटुंब वर्षभर. 1975 साली जपानच्या मिनामाता येथील पाराविषबाधेचे अभ्यासक डॉ. मासाझुमी हारादा तेथे आले, तेव्हा त्यांना तीच लक्षणे येथेही दिसली. नदीच्या शुद्धीकरणासाठी साडेआठ कोटी डॉलर देण्याचे ओंटारिओ सरकारने जाहीर केले ते 2017 साली, म्हणजे मासेमारी बंद झाल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात एक संपूर्ण पिढी म्हातारी झाली.

दूरच्या ठिकाणी कोणी राहत नाही, असे मानले की तेथे काहीही सोडून द्यायला मन धजते. ‘निर्जन’ हा शब्द किती महाग पडू शकतो, ते यावरून कळावे.

याच प्रदेशाच्या पश्चिमेस, ओंटारिओ आणि मॅनिटोबा यांच्या सीमेवर, याच्या नेमकी उलट दिशाही दिसते. तेथील अनिशिनाबे समाजांनी पुढाकार घेतला आणि सुमारे 29,000 चौरस किलोमीटरचे अरण्य 2018 साली ‘पिमाचिओविन आकी’ या नावाने जागतिक वारसा म्हणून मान्य झाले. नावाचा अर्थ ‘जीवन देणारी भूमी’. निसर्ग आणि त्यात राहणारी माणसे या दोघांना मिळून हा मान दिलेला आहे. 1983 साली स्थापन झालेले वुडलँड कॅरिबू हे उद्यानही त्यातच येते. ज्या कॅरिबूंच्या नावाने ते ओळखले जाते, त्यांना रस्ता आणि जंगलतोड मानवत नाही. तोडलेल्या जागी वाढणाऱ्या कोवळ्या झुडपांमागे मूस येतात, मूसमागे लांडगे येतात आणि कॅरिबू नाहीसे होतात. या उद्यानाच्या सरोवरांवर आजही पाहुणे विमानाने उतरतात, मासे धरतात आणि जातात.

वाट नसणे ही गोष्ट आपण सहसा उणीव म्हणून पाहतो, आणि आपल्याकडच्या अनेक वाड्यावस्त्यांच्या बाबतीत ती खरोखरच उणीव आहे. आजाऱ्याला खांद्यावरून नेणाऱ्यांना अरण्याचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे होईल. पण लेक ट्राउटच्या एखाद्या सरोवराला वाट नसणे हेच आजवर त्याचे कवच ठरले आहे. जेथे वाट पोहोचते, तेथे नियम पाळणारा मासेमारही पोहोचतो आणि न पाळणाराही. आणि वीस वर्षांचा मासा दोघांना सारखाच दिसतो. तेव्हा वाट करण्यापूर्वी ती कोणासाठी, हे विचारले पाहिजे; आणि वाट नसली तरी पलीकडे कोणी राहते, याचे भान ठेवले पाहिजे. पाहुण्याने दोन मासे खाऊन तिसरा सोडून द्यावा, उरलेली राख विझवावी, दार लावून निघावे. विमान उठल्यावर आठ-दहा दिवसांत काठाशी बर्फाची पहिली पापडी धरते, आणि दगडांच्या फटींत पडलेली अंडी आपल्या दीर्घ प्रतीक्षेला लागतात.